शिकारीसाठी मागवलेला कोल्हा

मेलबर्नमधल्या मराठी घरांत पाहुण्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. कॅरम डाउन्सचं शिव-विष्णू मंदिर, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन, आणि पाहुण्यांचे पाय दुखत असतील तर वेरिबी पार्कचा वाडा. आम्ही शहराच्या पश्चिमेला राहतो, त्यामुळे वाडा आम्हाला जवळ पडतो. साठ खोल्या, इटालियन धाटणीचा मनोरा, बाजूला गुलाबांची मोठी बाग. थॉमस आणि अँड्र्यू चर्नसाइड हे स्कॉटलंडहून आलेले भाऊ मेंढ्यांच्या लोकरीवर गब्बर झाले आणि १८७४ ते १८७७ या काळात त्यांनी हे घर बांधलं. माझी आई सोलापूरहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने सगळ्या खोल्या भराभर पाहून घेतल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात माणसं दिवसभर करायची काय गं?"

शिकार करायची.

घोड्यावर मांड टाकायची, पुढे कुत्र्यांचा कळप सोडायचा आणि कोल्ह्यामागे मैलोन्‌मैल दौडत सुटायचं, हा इंग्लंडातल्या जमीनदारांचा खेळ. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात जमीन होती, पैसा होता, घोडे होते, कुत्रेही बोटीने आले होते. फक्त कोल्हा नव्हता. या मंडळींनी डिंगो नावाच्या इथल्या रानकुत्र्यांमागे, कांगारूंमागे कुत्रे सोडून पाहिले, पण विलायतेची मजा काही येईना. मग कोल्हेच मागवले. १८५०च्या दशकात सोडलेले कोल्हे टिकल्याचं दिसत नाही. १८७०च्या सुमारास मेलबर्नच्या आसपास जे सोडले त्यांनी मात्र पाय रोवले, आणि कोल्हे कुणी आणले याचा माग काढत गेलं की वेरिबीच्या चर्नसाइडांचं नाव हटकून समोर येतं.

हिंदुस्थानातल्या साहेबालाही हीच हौस होती. उटीला आणि मुंबई-पुण्याकडेही शिकारी कुत्र्यांचे कळप पाळलेले होते. पण तिकडे त्याला बदली जनावर सापडलं. उसात राहणारा, संध्याकाळ झाली की कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा. तो लाल कोल्ह्याच्या जवळचा नाही, लांडग्याच्या गोतावळ्यातला आहे. पण पळायला चिवट, आणि साहेबाचं काम भागलं. विलायतेहून कोल्हा आणून सोडायची गरज तिथे पडली नाही. आपण किती थोडक्यात वाचलो हे ऑस्ट्रेलियाकडे पाहिल्यावर कळतं.

मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो लाल कोल्हा म्हणजे सोलापूरच्या माळावरच्या खोकडाचा थोरला भाऊबंद. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं, याचं पांढरं. लडाखला जाऊन आलेल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल, कच्छमध्येही त्याची एक जात राहते. जमिनीवरच्या रानटी मांसभक्षकांमध्ये याच्याइतका दूरवर पसरलेला दुसरा प्राणी नाही. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका, आफ्रिकेचा उत्तर किनारा, सगळीकडे तो आपण होऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियात जाण्यासाठी तेवढी त्याला बोट लागली.

आणि बोटीतून उतरल्यावर पुढे ताट वाढून ठेवलेलं होतं. थॉमस ऑस्टिन नावाच्या दुसऱ्या एका जमीनदाराने १८५९ साली जीलाँगच्या पलीकडे बार्वन पार्कमध्ये ससे सोडले होते, तेही शिकारीच्या हौसेपायी. ससे वणव्यासारखे पसरले आणि त्यांच्या मागोमाग कोल्हे चालत गेले. १८९०च्या दशकात ते न्यू साउथ वेल्समध्ये होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मधलं सगळं वाळवंट ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचले होते. आज उष्ण कटिबंधातला उत्तरेचा पट्टा आणि टास्मानिया बेट सोडलं तर कोल्हा नाही अशी जागा मुख्य भूमीवर सांगता येत नाही. अंदाज सुमारे १७ लाखांचा आहे.

या १७ लाखांतलं एक कुटुंब आमच्या मागच्या रेल्वेच्या बांधात राहतं. मेलबर्नच्या काही वस्त्यांमध्ये एका चौरस किलोमीटरला १६ पर्यंत कोल्हे मोजले गेले आहेत. रानातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि त्यात नवल काही नाही. इथे उकिरडा आहे, पाळीव कोंबड्या आहेत, झाडाखाली पडलेली फळं आहेत, कुत्र्यामांजरांसाठी अंगणात ठेवलेल्या वाट्या आहेत आणि वर कोणी बंदूक चालवू शकत नाही. जून-जुलैच्या थंडीत रात्री मादी ओरडते. तो आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस पोलिसांना फोन लावतो. बाई किंचाळते आहे असंच वाटतं. वर्षातून एकदाच मादी माजावर येते, तेही जेमतेम तीन-चार दिवस, म्हणून एवढा आकांत. ५१ ते ५३ दिवसांनी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आपल्याकडे गणपतीची गडबड चालू असते तेव्हा चार-पाच पिल्लं होतात. दिवाळीपर्यंत ती बिळाबाहेर येऊन हुंदडायला लागतात.

आणि पिल्लांना खेळायला काहीतरी लागतं. इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांचे बूट घरात असतात, आमच्या चपला दाराबाहेर. दिवाळीच्या फराळाला वीस माणसं आली की व्हरांड्यात चपलांचा बाजार भरतो. एका वर्षी एका काकांची कोल्हापुरी नाहीशी झाली, एकच, डावी. रबरी सँडल, कापडी बूट, सगळं जागच्या जागी. न्यायची म्हणून नेली ती नेमकी चामड्याची. काका त्या रात्री मोज्यांवर गाडी चालवत घरी गेले. पुढच्या आठवड्यात मी बांधाच्या कडेला गेले तर बिळाच्या तोंडाशी टेनिसचा एक चेंडू, बागकामाचा हातमोजा आणि चावून चावून दोरखंड झालेला चपलेचा अंगठा.

कोल्ह्याबद्दल मी वाचायला लागले ती त्या चपलेपासून. वाचत गेलं की तो आवडायला लागतो, हीच खरी पंचाईत आहे. वजन पाच-सहा किलो, म्हणजे धष्टपुष्ट बोक्याएवढं. बाकी सगळा डौल केसांचा. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. गवताखाली उंदीर चालल्याचा आवाज ऐकायचा, मान वाकडी करून नेम धरायचा आणि चारही पाय उचलून वरून झेप टाकायची. चेक शास्त्रज्ञांनी २०११ साली या झेपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८४ कोल्ह्यांच्या जवळपास सहाशे झेपा नोंदवल्या. उंच गवतात किंवा बर्फात सावज दिसत नसताना कोल्हा बहुतेक वेळा ईशान्येच्या दिशेने झेपावतो, आणि त्या दिशेच्या ७३ टक्के झेपा यशस्वी होतात. नैर्ऋत्येकडेही बरं जमतं. बाकी दिशांना १८ टक्क्यांच्या आसपास. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा तो अंतर मोजायला उपयोग करत असावा, असा त्या मंडळींचा तर्क आहे. मी हे आमच्या वास्तुशास्त्रवाल्या मामांना कळवलं. त्यांना यात नवीन असं काहीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. मिळालेलं सगळं कोल्हा एका वेळी खात नाही. उथळ खड्डा करून एकेक तुकडा वेगवेगळ्या ठिकाणी पुरतो, वरून पानं-माती ओढतो. सगळी पुंजी एका जागी ठेवत नाही. कॅनडात डेव्हिड हेन्री यांनी कोल्ह्यांमागे फिरून असं पाहिलं, की खड्डा रिकामा झाला की कोल्हा तिथे मूत्राची खूण करून जातो. पुन्हा तिथे आलं की वासावरून कळतं, इथलं संपलंय, उकरत बसू नका.

ही सवय लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या सगळ्या हानीच्या मुळाशी ती आहे.

फिलिप आयलंडवर रात्री पेंग्विन समुद्रातून वर येतात तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांवर सगळे "अय्या" करत असतात. ३३ सेंटीमीटर उंच, किलोभर वजनाचा पक्षी, दिवसभर मासे मारून पोटाचं ओझं सांभाळत वाळूतून डुलत बिळाकडे निघालेला. जमिनीवर पळता येत नाही, उडता येत नाही, लपायला बीळ असतं तेही जमिनीत, म्हणजे कोल्ह्याच्या नाकासमोरच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर कोल्हे पोचले. एकेकाळी बेटावर पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या, उरली एक. त्यात कोल्ह्यांइतकाच वाटा घरांचा, गाड्यांचा आणि कुत्र्यांचा होता हे सांगायला हवं. सरकारने १९८५ साली ठरवलं की उरलेल्या वसाहतीच्या भागातली सगळी घरं विकत घ्यायची आणि पाडायची. त्याला पंचवीस वर्षं लागली. पेंग्विनांसाठी माणसांची अख्खी वस्ती उठवली गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. कोल्ह्यांमागे वेगळी मोहीम लागली: सापळे, विष, माग काढणारे कुत्रे, रात्रीची बंदूक. २०१७ साली बेट कोल्हामुक्त झाल्याचं जाहीर झालं. बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे पहारा संपलेला नाही.

आई त्या बाकावर शाल गुंडाळून बसली होती. मी तिला म्हटलं, एक कोल्हा एका रात्रीत यातले वीस-पंचवीस मारू शकतो. "खाईल किती?" ती म्हणाली. एक. फार तर दोन. "मग बाकीचे कशाला?"

साठवणुकीचा हिशेब तो. रानात सावज एका वेळी एकच हाती लागतं, दुसरं पळून जातं. हाती लागेल ते मारायचं आणि पुरून ठेवायचं, ही सवय अशा जगात शहाणपणाची. समोरचं पळतच नसेल तर ती सवय कुठे थांबायचं हे सांगत नाही. कोंबड्यांचं खुराडं उघडं राहिलेल्या कोणालाही हे माहीत असतं. लोक याला क्रूरपणा म्हणतात. मला तो शब्द इथे लावावासा वाटत नाही.

समोरचं पळत का नाही? ऑस्ट्रेलियातल्या छोट्या सस्तन प्राण्यांना शत्रू नव्हते असं नाही. घारी-गरुड होते, घोरपडी होत्या, अजगर होते, क्वोल नावाचे ठिपक्यांचे मांसाहारी प्राणी होते, गेली काही हजार वर्षं डिंगोही होता. पण वासावर माग काढत, रात्रीच्या अंधारात, दबकत येऊन बिळाच्या तोंडाशी बसणारं हे जनावर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. शत्रूची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांच्या मरणातून तयार होते. ज्यांना त्या वासाची भीती वाटली ते वाचले, त्यांची पिल्लं झाली, असं हजारो वर्षं घडावं लागतं. इथे दीडशे वर्षंच झाली आहेत. तरीही सगळं या ओळखीवर टाकता येणार नाही. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोल्ह्याच्या खास मुलखात, काळोख्या रात्री कोल्ह्यांनी कुरव पक्ष्यांचा असाच खच पाडलेला नोंदवला आहे. पक्ष्यांना कोल्हा चांगला माहीत होता, पण गडद अंधारात ते घरट्यावरून हललेच नाहीत.

तरी इंग्लंडात दुसऱ्या वर्षी कुरव पुन्हा होते. ऑस्ट्रेलियात तसं झालं नाही. युरोपीय लोक आल्यापासून या खंडातून सस्तन प्राण्यांच्या तीसहून अधिक जाती कायमच्या गेल्या. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की गेलेले आणि जायच्या वाटेवर असलेले बहुतेक प्राणी ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनाचे आहेत. त्याहून लहान ते फटीत लपतात, मोठे ते लाथ मारतात. मधले कोल्ह्याच्या आणि मांजराच्या तोंडात नेमके मावतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार कोल्हे आणि मांजरं मिळून या देशात वर्षाला सुमारे २६० कोटी सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी मारतात. जंगलतोड, बदललेले वणवे, ससे आणि मेंढ्यांनी खाऊन टाकलेलं गवत यांनीही आपापली बाजू सांभाळली आहेच. सगळं खापर कोल्ह्यावर फोडणं शेतकऱ्याला सोयीचं असतं, हेही इथे राहून कळतं.

पट्टेरी बँडिकूटची गोष्ट यातच येते. सशाएवढाही नाही, लांब नाकाचा, पाठीवर फिकट पट्टे असलेला, जमिनीत नाक खुपसून किडे शोधणारा प्राणी. पोटात पिल्लू जेमतेम बारा-साडेबारा दिवस राहतं. एवढी घाई करणारे सस्तन प्राणी जगात फार नाहीत. इतक्या वेगाने वाढणारा प्राणीसुद्धा व्हिक्टोरियाच्या गवताळ माळांवरून पुसला गेला. शेवटची रानटी टोळी कुठे उरली, तर हॅमिल्टन गावाच्या कचराडेपोत, फेकून दिलेल्या मोटारींच्या सांगाड्यांखाली. तिथे कोल्ह्याला शिरता येत नव्हतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यातले काही पकडून पिंजऱ्यात पैदास सुरू झाली. मग कुंपणाच्या आतल्या जागा, मग कोल्हा नसलेली बेटं: चर्चिल, फिलिप, फ्रेंच आयलंड. २०२१ साली 'रानातून नामशेष' या यादीतून या प्राण्याचं नाव काढून 'संकटग्रस्त' यादीत घातलं गेलं. ऑस्ट्रेलियात असं पहिल्यांदाच घडलं. संकटग्रस्त झाल्याचा आनंद साजरा करावा लागतो, अशी इथली परिस्थिती आहे.

पेंग्विन आणि बँडिकूट निदान छायाचित्रात गोजिरे दिसतात. मरी नदीच्या कासवांकडे कोण बघतो? मादी काठावर येऊन अंडी घालते, माती थापते, परत पाण्यात जाते. त्याच रात्री कोल्हा वासावर येऊन घरटं उकरतो. मरीच्या काठी केलेल्या अभ्यासात नव्वद टक्क्यांहून अधिक घरटी कोल्ह्यांनी फस्त केलेली आढळली. आणि हे कित्येक वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही, कारण कासवं दीर्घायुषी. नदीत पाहावं तर कासवं आहेतच की. ती सगळी मोठी, जुनी. लहान एकही नाही. कोकणातल्या एखाद्या वाडीत जावं आणि घराघरांतून फक्त म्हातारी माणसं ओटीवर दिसावीत, तसं. कोकणाच्या किनाऱ्यावरही कोल्हे-कुत्रे समुद्री कासवांची अंडी उकरतातच. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून अंडी हलवून जाळीच्या कुंपणात ठेवायला सुरुवात केली ती माणसांपासून आणि या जनावरांपासून वाचवायला. पण कोकणातला कोल्हा आणि कोकणातलं कासव यांचा व्यवहार फार जुना आहे. तो बिघडवला अंडी विकणाऱ्या माणसांनी. मरीवरचा व्यवहारच नवा.

उपाय काय, तर बहुतेक ठिकाणी विष. सोडियम फ्लुओरोअॅसिटेट, ज्याला इथे सगळे '१०८०' म्हणतात. रानात फिरायला गेलं की वाटेच्या तोंडाशी लाल पाटी असते: १०८० टाकलं आहे, कुत्रे आणू नका. मला ती पाटी पाहिली की पोटात कसंतरी होतं. या विषाने मरणारं कुत्र्याच्या जातीचं जनावर सुखाने मरत नाही, आणि ज्यांचा पाळीव कुत्रा असा गेला आहे त्यांच्यासमोर या विषाची बाजू घ्यायची माझी छाती नाही. पण एक विलक्षण गोष्ट आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या काही पिवळ्या-केशरी फुलांच्या झुडपांत हेच विष निसर्गतःच असतं. तिथले स्थानिक प्राणी ती झुडपं किंवा ती खाणारे जीव खात खात उत्क्रांत झाले, त्यामुळे त्यांना ते बऱ्यापैकी पचतं. विलायतेहून आलेल्या कोल्ह्याला पचत नाही. इथे मात्र अनोळखी असणं कोल्ह्याला भोवतं.

जॅक किन्नियर यांनी १९८०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या खडकाळ टेकड्यांवर साधा प्रयोग केला. काही टेकड्यांभोवती विषारी आमिषं टाकून कोल्हे कमी केले, काहींना हात लावला नाही. कोल्हे कमी केलेल्या टेकड्यांवर खडकवॉलबी, म्हणजे खडकांत राहणाऱ्या छोट्या कांगारूंसारख्या वॉलबी, झपाट्याने वाढल्या, इतर टेकड्यांवर त्यांची वाढ खुंटली किंवा त्या घटल्या. त्याच्या आधी अनेक जाणकार म्हणत होते की हे प्राणी अधिवास गेल्यामुळे संपताहेत, कोल्हा निमित्तमात्र आहे. किन्नियर यांच्या टेकड्यांनी त्या वादाचं वजन एका बाजूला झुकवलं. १९९६ साली तिथल्या सरकारने 'वेस्टर्न शील्ड' नावाने ३५ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर विमानातून आमिषं टाकायला सुरुवात केली. वॉयली हा उंदराच्या तोंडवळ्याचा, किलो-सव्वा किलोचा कांगारूचा चुलतभाऊ त्यामुळे इतका सावरला की त्याच वर्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. हा प्राणी जमिनीखालच्या बुरशा उकरून खातो आणि एकेक वॉयली वर्षाला काही टन माती वरखाली करतो. तो गेला की माती दगड होते, पाणी मुरत नाही.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकवणारं वाटतं. १९९९ ते २००६ च्या दरम्यान वॉयलींची संख्या ९० टक्क्यांनी कोसळली. विष टाकणं चालूच होतं, कोल्हे कमीच होते. संशयाची सुई आजाराकडे गेली, पण मुख्यतः गेली मांजरांकडे. कोल्हा होता तोवर मांजरं दबून होती. कोल्हा हटला, त्यांना रान मोकळं झालं. आणि मांजर सहसा मेलेलं आमिष खात नाही, त्याला जिवंत हलणारं लागतं. म्हणजे एक उपटायला गेलं तर मुळाशी दुसरं. काही शास्त्रज्ञ म्हणतात, डिंगोंना मारणं थांबवा, ते दोघांनाही धाकात ठेवतील. मेंढ्या पाळणारे यावर काय म्हणतात ते छापता येणार नाही.

बक्षीस योजनांबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिया सरकारने २०११ साली मारलेल्या कोल्ह्यामागे १० डॉलर द्यायला सुरुवात केली, नंतर रक्कम वाढवली. लाखो कोल्हे जमा झाले आणि फोटो छान आले. पण कोल्ह्यांची संख्या उतरवायची तर एकाच भागातले निम्म्याहून पुष्कळ जास्त, तेही दरवर्षी, मारावे लागतात. रस्त्याच्या कडेला सापडेल तो एकेक टिपला की त्याच्या जागेवर शरदात दुसऱ्याचं वाढलेलं पोर येऊन बसतं.

कुत्र्यांची कथा जास्त आशादायक आहे. वॉर्नांबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचा खडक आहे. मधली खाडी इतकी अरुंद आणि उथळ की ओहोटीला कोल्हा जवळपास पाय न भिजवता पलीकडे जातो. तिथले शेकडो पेंग्विन २००५ पर्यंत दहाच्या आत आले. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांची राखण मारेमा जातीचे कुत्रे करायचे. इटलीतले हे मेंढपाळांचे पांढरे, भरदार कुत्रे. तेच २००६ पासून बेटावर नेले. आपल्या धनगरांचे कुत्रे जे काम करतात तेच: पाठलाग नाही, शिकार नाही, कळपाजवळ बसून राहायचं आणि परका आला की भुंकायचं. पेंग्विन वाढून शंभरावर गेले. २०१७ साली खवळलेल्या समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही आणि तेवढ्या फटीत कोल्ह्यांनी शंभराहून जास्त पेंग्विन मारले. पुन्हा सुरुवात करावी लागली. नंतर पश्चिम व्हिक्टोरियात बँडिकूटांच्या राखणीलाही हेच कुत्रे बसवून पाहिले.

हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली. तिचं माहेर नान्नजच्या बाजूचं. माळढोकसाठी राखलेल्या तिथल्या कुसळी गवतात खोकड राहतं, दोन-अडीच किलोचं, टोळ, उंदीर, सरडे आणि बोरं खाणारं. तिथे कुत्राच खोकडाच्या जिवावर उठलेला आहे. अबी वनक यांनी नान्नजच्या माळावर हेच अभ्यासलं: गावातली मोकाट कुत्री जिथे फिरतात तिथून खोकड काढता पाय घेतं, समोर अन्न असलं तरी कुत्रा दिसला की खाणं सोडतं, वर कुत्र्यांचे रोगही त्याला होतात. लडाखमध्ये तर खुद्द लाल कोल्ह्यालाही मोकाट कुत्र्यांचा जाच आहे. एकच कोल्हा, एकच कुत्रा. कोण कुणाला पुरून उरतो हे गावानुसार बदलतं.

आमच्या मंडळात कुणीतरी दरवेळी म्हणतं, आपणही इथे बाहेरूनच आलो, मग कोल्ह्याला का नावं ठेवायची? ही कोटी मला आवडत नाही. तिच्यात वॉयलीला बोलायला जागाच नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ 'अॅरिड रिकव्हरी' नावाचं १२३ चौरस किलोमीटरचं कुंपणबंद राखीव क्षेत्र आहे, १९९७ पासूनचं. तिथे कॅथरीन मोझबी आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. कुंपणात सुरक्षित वाढलेला प्राणी आणखीच भोळा होतो. मग एका भागात मोजकी मांजरं मुद्दाम सोडली आणि त्यांच्यासोबत बिल्बी, बेटाँग हे छोटे प्राणी राहू दिले. काही मेले. उरलेले सावध झाले, माणसालाही पूर्वीपेक्षा लांबूनच पाहून पळू लागले. दोन वर्षं मांजरांसोबत काढलेल्या बिल्बी पुढे बाहेर सोडल्यावर इतरांपेक्षा जास्त तगल्या. हा प्रयोग वाचून मला बरं वाटलं, आणि मेलेल्यांची संख्या आठवून फार बरं वाटून घेता आलं नाही.

बांधातल्या कोल्ह्यांची नोंद मी आता 'फॉक्सस्कॅन' या संकेतस्थळावर करते. कुठे दिसले, किती दिसले, काय नेलं. ती माहिती कोल्हे कमी करणाऱ्यांच्या उपयोगी पडते, हे मला माहीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आईला हे सांगितलं.

"पिल्लं आहेत ना गं तिला?"

"आहेत. चार."

"तरी नोंदवलंस?"

"अगं, तू पेंग्विन पाहिलेस ना?"

"पाहिले की. आणि तुमच्या समोरच्यांची ती मनी रात्रभर बाहेर असते, तेही पाहिलं. तिची नोंद कुठे करतेस?"

आमच्या कौन्सिलचा नियम आहे, अंधार पडल्यावर मांजर घरात किंवा आवारात बंद. मनीच्या मालकांना तो ठाऊक आहे. त्यांच्या अंगणात सकाळी पिसं पडलेली असतात तेही त्यांना दिसत असणार. मी म्हटलं, "आई, ते आपल्याकडे फराळाला येतात गं."

"मग फराळाच्या वेळीच सांग," आई म्हणाली. "चकली हातात असली की माणूस ऐकून घेतो."